शंका-समाधान : अमेरिकन फुटबॉलचा क्लीव्हलंड ब्राउन्स संघ, हंगाम १९५०

१९५० मध्ये ब्राउन्स १२ पैकी फक्त दोन सामने हरले आणि दोन्ही न्यूयॉर्क जायंट्सकडूनच. एकाच संघापुढे एवढी अडचण का व्हावी? (कबड्डी प्रशिक्षक, बीड)

ब्राउन्स त्या वर्षी नवखे होते, पण एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये. १९४६ ते १९४९ या चारही वर्षी त्यांनी एएएफसी ही दुसरी लीग जिंकली होती. ती बंद पडल्यावर ते इकडे आले आणि पहिल्याच सामन्यात, १६ सप्टेंबरला, गतविजेत्या फिलाडेल्फिया ईगल्सना त्यांनी ३५-१० असं लोळवलं. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, ऑटो ग्रॅहमने त्या दिवशी पासवर ३४६ यार्ड काढले.

या पासची ताकद वेळेच्या गणितात होती. झेलणारा ठरलेल्या वाटेने पळायचा आणि तो वळायच्या आतच चेंडू त्या जागेकडे निघालेला असायचा. जायंट्सचे प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांनी नेमकी ती जागाच अडवली. पुढच्या फळीत सहा, मागे एक, त्यामागे चार अशी मांडणी. पण फळीच्या दोन टोकांचे गडी कधी क्वार्टरबॅकवर धावून जायचे, तर कधी गुपचूप मागे सरकून पासच्या वाटेत उभे राहायचे. चेंडू सुटायच्या आधी कोण काय करणार, हे ग्रॅहमला कळेना. पहिला सामना ६-० असा गेला, दुसरा १७-१३.

या मांडणीत मधे एकच गडी उरतो, आणि धावण्याला वाट तिथूनच मिळते. फुलबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, मॅरियन मॉटली हा भारी अंगाचा आणि सरळ मुसंडी मारणारा. दुसऱ्या पराभवानंतरच्या रविवारी पिट्सबर्गविरुद्ध त्याने ११ वेळा चेंडू घेऊन धावत १८८ यार्ड काढले, आणि हंगामात ८१० यार्डांसह तो धावण्यात लीगमध्ये पहिला आला. ३ डिसेंबरला तर ईगल्सविरुद्ध नोंदवहीत ब्राउन्सचा एकही पास नाही. तरी सामना १३-७ असा जिंकला. पासवाला संघ म्हणून हिणवणाऱ्यांना याहून चोख उत्तर नाही.

जायंट्सविरुद्धच्या तिसऱ्या सामन्याचा स्कोअर ८-३ दिसतो. टचडाउनचे सहा गुण, मग आठ कसे? (वाचक, लातूर)

टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) झालाच नाही. दोन्ही संघ दहा विजय, दोन पराभवांवर बरोबरीत, म्हणून १७ डिसेंबरला गोठलेल्या मैदानावर जादा सामना खेळवला. लू ग्रोझाचे दोन फील्ड गोल (खांबांमधून मारलेल्या किका) म्हणजे सहा गुण, शिवाय जायंट्सचा चेंडूवाला त्यांच्याच एंड झोनमध्ये (गोलरेषेमागच्या पट्टीत) पाडला गेला त्या सेफ्टीचे दोन. जायंट्सचा एक फील्ड गोल, तीन गुण.

२४ डिसेंबरच्या अंतिम सामन्यात ग्रोझाने १६ यार्डांवरून मारलेली किक शाळेच्या मैदानावर आखून मुलांना दाखवायची आहे. मापं काय घ्यावीत? (क्रीडाशिक्षक, हिंगोली)

आजची मापं लावलीत तर चुकेल. १९५० मध्ये खांब गोलरेषेवरच होते. १९७४ पासून ते १० यार्ड मागे गेले. म्हणून तेव्हाची १६ यार्डांची किक आज २६ यार्डांची मोजली जाईल.

गोलरेषेवर दोन बांबू ५.६४ मीटर अंतरावर रोवा आणि ३.०५ मीटर उंचीवर आडवी दोरी ताणून बांधा. दोन्ही बांबूंच्या मध्यापासून सरळ बाहेर १४.६३ मीटरवर फक्कीची खूण करा. चेंडू इथे टेकवायचा. काटकोन तपासायला ३, ४, ५ मीटरचा दोरीचा त्रिकोण पुरे. चेंडू मागे देणारा मुलगा गोलरेषेपासून सुमारे ८.२३ मीटरवर उभा करा. तो आणि खूण यांमधलं हे सातेक यार्डांचं अंतर कमी केलंत तर समोरचे हात उंचावून किक अडवतात. वाढवलंत तर कडेने धावत येणाऱ्यांना वेळ मिळतो. काळी माती भेगाळली असेल तर खुणेची जागा पाणी मारून चोपून घ्या, नाहीतर चेंडू कलतो. अमेरिकन चेंडू मिळाला नाही तर रग्बीचा चालेल.

मुलं सवयीने तिरकी धावत येऊन पायाच्या वरच्या भागाने मारतील. ग्रोझा सरळ येऊन बुटाच्या टोकाने मारायचा.

सराव मात्र चेंडू मागे देणाऱ्याचा आणि धरणाऱ्याचा जास्त घ्या. त्याच सामन्यात एका टचडाउननंतरच्या किकसाठी चेंडू उंच गेला, किक झालीच नाही आणि एक गुण बुडाला. त्यामुळे शेवटी ब्राउन्स लॉस एंजेलिस रॅम्सच्या मागे २७-२८ असे अडकले होते. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असताना ग्रोझाच्या त्या १६ यार्डांनी निकाल ३०-२८ केला.