36 वर्षांची सिगारेट आणि ती एकदम सोडण्याची भीती

समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो, आणि तो विचारणारी व्यक्ती बहुधा पन्नाशी ओलांडलेली असते. "इतक्या वर्षांची सवय एकदम मोडली तर शरीराला धक्का नाही का बसणार?" या प्रश्नामागे कधी कधी सिगारेट न सोडण्याचा बहाणा असतो, हे मी नाकारत नाही; परंतु बहुतेक वेळा ती खरीखुरी भीती असते, आणि तिला बहाणा समजून उडवून लावले की समोरचा माणूस पुन्हा येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत ही चूक माझ्या हातून झालेली आहे. म्हणून येथे एका गृहस्थांची हकिकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून, सांगते आहे. त्यांना आपण सुरेशराव म्हणू.

सुरेशराव ठाण्यात वर्तकनगरला राहतात. मूळ गाव कोकणात. ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका रासायनिक कारखान्यात ते पाळीने काम करत होते आणि निवृत्तीला वर्षभर उरले होते. 1988 साली, वयाच्या 21व्या वर्षी नोकरीला लागल्यावर सुरू झालेली सिगारेट वाढत वाढत दिवसाला अठरा-वीसवर पोहोचली होती. कारखान्यातील नेहमीच्या वैद्यकीय तपासणीत नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजली जाते. त्यात आकडा बराच खाली आला, तेव्हा तेथील डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले. सोबत पत्नी होत्या. मांडीवर पर्स धरून त्या खुर्चीच्या कडेला बसल्या आणि पहिलेच वाक्य त्यांनी उच्चारले, "सांगून सांगून जीभ झिजली, मॅडम."

सुरेशरावांनी मात्र शांतपणे आपली बाजू मांडली. "जुन्या भिंतीत पिंपळ उगवला तर तो उपटत नाहीत. मुळं ओढली की भिंतच खाली येते. माझं तसं झालंय."

"आणि ठेवला तर काय भिंत उभी राहते?" वहिनी म्हणाल्या.

मला हसू आले, पण सुरेशरावांना नाही. त्यांच्याकडे पुरावा होता. त्यांच्याच विभागातील एका सहकाऱ्याने चाळीस वर्षांची सिगारेट दिवाळीत एका फटक्यात सोडली आणि शिमग्याच्या आत तो गेला. अशी एक तरी गोष्ट प्रत्येकाकडे असते, आणि ती खोटी नसते. मी त्यांना एवढेच विचारले, की दिवाळीच्या आधीचे काही महिने त्या सहकाऱ्याची प्रकृती कशी होती. ते थोडे थांबले. मग आठवत आठवत म्हणाले, की त्याचा आवाज गणपतीपासूनच बसलेला होता, पँट कमरेला सैल होऊ लागली होती, आणि "आता सिगारेट गोड लागत नाही" असे तो स्वतःच म्हणत असे. म्हणजे आजार आधी आला होता आणि सिगारेट नंतर सुटली होती. अनेक माणसे शरीर आतून खचू लागल्यावरच धूम्रपान सोडतात, आणि पुढे जे घडते त्याचा दोष सोडण्यावर येतो.

या भीतीचे दुसरे मूळ दारूत आहे. वर्षानुवर्षे भरपूर दारू पिणाऱ्याने ती वैद्यकीय देखरेखीशिवाय अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. हे आपल्याकडे गल्लोगल्ली पाहिलेले असते आणि तोच नियम लोक सिगारेटला लावतात. निकोटिन बंद झाल्यावर त्रास निश्चित होतो, कधी कधी तो असह्य वाटतो, पण त्या त्रासाने जीव जात नाही. सावधगिरीच्या जागा आहेत, पण त्या वेगळ्या आहेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी सिगारेट सोडल्यानंतर रक्तातील साखरेवर लक्ष ठेवावे लागते. सिगारेटच्या धुरामुळे यकृत काही औषधांचा निचरा नेहमीपेक्षा लवकर करत असते. धूर थांबला की तीच मात्रा शरीरात जास्त काळ राहते, म्हणून दम्यासाठीचे थिओफिलिन, रक्त पातळ करण्याच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी सांगितले पाहिजे. सुरेशरावांना यांपैकी काहीच नव्हते.

"पण आता 57व्या वर्षी सोडून उपयोग काय?" हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच. त्यावर मी ब्रिटनमधील एका अभ्यासाचे आकडे सांगते. 1951 साली सुमारे 34 हजार पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाच्या सवयींची नोंद घेऊन पुढे पन्नास वर्षे त्यांचा पाठपुरावा केला गेला, आणि 2004 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांना सरासरी तीन, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, तर चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना नऊ वर्षांचे आयुष्य अधिक मिळाले. सुरेशरावांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे माझी चार धरायची." सरासरी ही कुणा एकाला दिलेली हमी नसते, हे मी सांगितले, तरीही ते चार वर्षांना धरून बसले आणि मी त्यांना सोडवायला गेले नाही.

सवय किती घट्ट आहे हे जोखण्यासाठी आम्ही एक साधा प्रश्न विचारतो: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांत लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीराचे निकोटिनवरचे अवलंबन जास्त समजायचे. सुरेशरावांची पहिली सिगारेट चहा गॅसवर असतानाच पेटत असे. हळूहळू कमी करण्याचा प्रयोग त्यांनी दोनदा केला होता आणि दोन्ही वेळा विसावरून सहावर येऊन महिन्याभरात पुन्हा वीसवर गेले होते. त्या सहा सिगारेटी ते बोटाला चटका बसेपर्यंत, खोल झुरके घेत ओढायचे. संख्या घटली की माणूस नकळत प्रत्येक सिगारेटमधून अधिक निकोटिन खेचून घेतो, त्यामुळे सहा म्हणजे विसाचा तिसरा हिस्सा असा हिशेब शरीर मानत नाही. शिवाय उरलेली प्रत्येक सिगारेट अधिक मोलाची होऊन बसते. कमी करत जाण्याचा मार्ग काहींना लागू पडतो, पण तो शेवटची तारीख आधी ठरवलेली असेल तर. सुरेशरावांच्या कमी करण्याला शेवटच नव्हता.

या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटली. कारखान्यात ज्वलनशील रसायने असल्यामुळे काडेपेटी, लायटर गेटवरच जमा करावे लागत असे आणि पाळी संपेपर्यंत बाहेर पडता येत नसे. म्हणजे हा माणूस गेली 36 वर्षे रोज आठ तास सिगारेटशिवाय राहत आला होता.

"आत असताना तलफ येते का?" मी विचारले.

"फारशी नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत मात्र जीव कासावीस होतो. गेटबाहेर पडलं की एकापाठोपाठ तीन."

"आणि जेव्हा ओव्हरटाइम असतो?"

ते विचारात पडले. "तेव्हा मग ती पंधरा मिनिटं पुढं सरकतात."

इस्रायलमधील धूम्रपान करणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांच्या पाहणीत नेमके हेच दिसले होते: तलफ शेवटच्या सिगारेटला किती तास झाले यापेक्षा विमान उतरायला किती वेळ उरला यावर अधिक अवलंबून होती. छोट्या उड्डाणाच्या शेवटी ती जितकी तीव्र होती, तितकी लांबच्या उड्डाणाच्या मध्यावर, तेवढाच वेळ उलटूनही, नव्हती. शरीराची निकोटिनची भूक खरी आहे, पण ती केव्हा आणि कुठे उफाळायची हे बरेचसे गेट ठरवते. सुरेशरावांना ही गोष्ट पिंपळाच्या भिंतीपेक्षा जास्त पटली, कारण ती त्यांच्या स्वतःच्या अनुभवाची होती. सोडण्याचा दिवस त्यांनीच निवडला: पहिल्या पाळीचा सोमवार, म्हणजे दिवसाचे आठ तास आपोआप भिंतीआड जातील. डॉक्टरांच्या सल्ल्याने 4 मिलिग्रॅमचे निकोटिन च्युइंगम सुरू करायचे ठरले.

चौथ्या रात्री फोन आला. "मॅडम, म्हटलं नव्हतं?" खोकला वाढला होता, पोट साफ होत नव्हते, झोप उडाली होती, छाती धडधडत होती आणि घरात कुणी ताटली जोरात ठेवली तरी अंगावर धावून जावेसे वाटत होते. मी एकेक गोष्ट घेतली. श्वासनलिकेतील केसांसारखे बारीक तंतू धुरामुळे मंदावलेले असतात. ते पुन्हा काम करू लागले की साचलेला कफ वर येतो आणि काही आठवडे खोकला वाढल्यासारखा वाटतो. रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल तर मात्र थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे. निकोटिन आतड्यांना चालना देते, म्हणून "सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार काल्पनिक नाही. सकाळी कोमट पाणी, रात्री इसबगोल आणि जेवणानंतरची फेरी यांवर ती दोन-तीन आठवड्यांत सावरते. च्युइंगम ते लहान मुलांच्या गमासारखे भराभर चघळत होते, म्हणून उचकी लागत होती आणि घसा जळत होता. जिभेला चुणचुण लागेपर्यंत सावकाश चावायचे, मग गालात धरून ठेवायचे, असे अर्धा तास करायचे असते, हे मी त्यांना पुन्हा समजावले.

उरली धडधड आणि झोप. "दिवसात चहा किती होतात?" असे विचारल्यावर आकडा आठ निघाला. सिगारेटची जागा भरायला त्यांनी चहा दुप्पट केला होता. मघाशी यकृताचे सांगितले तेच चहा-कॉफीतील कॅफिनलाही लागू आहे. धूर बंद झाला की तेवढाच चहा शरीरात अधिक वेळ टिकतो, आणि त्यातून होणारी घालमेल माणूस सिगारेट सोडल्याच्या खात्यावर मांडतो. चहा तीन कपांवर आणल्यावर दोन दिवसांत त्यांना झोप लागली. शिवाय चहाचा घोट आणि च्युइंगम यांत पंधरा मिनिटांचे अंतर नसेल तर च्युइंगममधील निकोटिन नीट शोषलेच जात नाही. मी रोज रात्री फोन उचलू शकत नाही, म्हणून राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा 1800-11-2356 हा क्रमांक दिला. 2018 पासून तो पाकिटावरच छापलेला असतो. "रोज बघतो की," सुरेशराव म्हणाले, "पण त्यावर फोन करायचा असतो असं कधी वाटलंच नाही."

गेटचा बंदोबस्त त्यांनी आपल्या बुद्धीने केला. गेटसमोरच्या टपरीवाल्याला त्यांचा ब्रँड पाठ होता. हे रस्ता ओलांडताना दिसले की त्याचा हात पाकिटाकडे जाई. महाराष्ट्रात 2020 मध्ये सुट्या सिगारेटच्या विक्रीवर बंदी आली, पण त्या टपरीपर्यंत ती पोहोचलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी सुरेशरावांनी त्याला सरळ सांगितले, की मला बघून हात हलवायचा, पाकीट काढायचे नाही. आणि पहिले दोन आठवडे ते ट्रान्स-हार्बरची नेहमीची गाडी सोडून कंपनीच्या बसने ठाण्याला आले, कारण बस गेटच्या आतून सुटते.

चूक पुढे झाली आणि ती माझी होती. मी त्यांची तयारी गेटसाठी करून घेतली, गावासाठी नाही. सव्वा महिन्यानंतर ते गणपतीला गावी गेले, भजनाच्या रात्री मामेभावाने पाकीट पुढे केले आणि पहाटेपर्यंत तीन झाल्या. परत आल्यावर ते ठरलेल्या दिवशी आले नाहीत. मीच फोन केला. "सगळ्यावर पाणी पडलं," ते म्हणाले. तीन सिगारेटींनी सव्वा महिना पुसला जात नाही. पण "आता पडलंच आहे पाणी" या विचाराने मात्र चौथी आणि चाळिसावी पेटते. मुंबईला निघताना उरलेले पाकीट सोबत आणले का, एवढेच मी विचारले. आणले नव्हते. मग आम्ही तेथूनच पुढे सुरू केले, आणि या खेपेस लग्न, बारसे, शिमगा अशी यादी करून प्रत्येक ठिकाणी नाही कसे म्हणायचे ते शब्दांसकट ठरवले. च्युइंगम तीन महिन्यांनी उतरवत आणले. वजन चार किलोंनी वाढले. ते बहुतेकांचे तेवढे वाढते, आणि सोडल्याच्या फायद्यापुढे ते किरकोळ आहे, तरी वहिनींनी भाताचा वाडगा बदलला.

निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या तपासणीत फुंकण्याचा आकडा जवळपास गेल्या वर्षीइतकाच आला. सुरेशराव थोडे हिरमुसले होते. धुराने गेलेली क्षमता बहुतांशी परत मिळत नाही, परंतु दरवर्षीची घसरण मंदावते. तेव्हा आकडा जागेवर राहिला हीच मिळकत, असे मी त्यांना समजावले. त्यांनी चेहरा असा केला की जणू बोनस कबूल करून नुसता पगार हातात ठेवला.

शेवटच्या भेटीनंतर ते जिना उतरून गेले, पण वहिनी दारातच रेंगाळल्या. पर्समधून त्यांनी एक छोटी डबी काढली, पुन्हा आत ठेवली.

"मॅडम, मिश्रीचं पण असंच असतं का हो? मी फक्त दाताला लावते."

मी त्यांना आत बसवले, नवा कागद घेतला आणि विचारले, सकाळी उठल्यावर पहिली मिश्री किती मिनिटांत लागते.