दोघांनी खेळायच्या गेमबद्दल भाच्याला पत्र

प्रिय भाचेबुवा,

म्युनिकच्या मित्राबरोबर ऑनलाइन खेळायच्या गेमची तुझी यादी मिळाली. गेम सगळे चांगले आहेत, पण ती यादी तू स्वतःसाठी केली आहेस. तो तिथे एमएस करतोय, त्याच्याकडे असाइनमेंट लिहिण्यापुरता लॅपटॉप आहे आणि मोबाइलवरच्या क्रिकेटपलीकडे तो काही खेळलेला नाही, हे तूच लिहिलंयस. मग दोघांचा गेम निवडताना ज्याचा हात कच्चा, त्याच्यापासून सुरुवात करायला हवी ना?

आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेममध्ये कॅसेट घालून कॉन्ट्रा खेळायचे. त्यात धबधब्याची एक लेव्हल होती. दोघांनी उड्या मारत वर चढायचं. एक जण भराभर वर गेला की पडदाही त्याच्याबरोबर वर सरकायचा आणि खाली राहिलेला मरायचा. म्हणजे पटाईत खेळाडूच जोडीदाराचा जीव घ्यायचा! आजचे कित्येक गेम हेच जरा सभ्यपणे करतात. कच्चा गडी जमिनीवर पडून राहतो, पक्का येऊन त्याला उठवतो, तो पुन्हा पडतो. तासभर असं चाललं की त्याला अचानक उद्याचं सबमिशन आठवतं.

म्हणून असा गेम बघ, जिथे तुझी चपळाई मित्राने तोंड उघडल्याशिवाय कुचकामी ठरते. त्यातला माझा सर्वांत लाडका ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’, २०१५ सालचा. एकाच्या स्क्रीनवर टाइम बॉम्ब, दुसऱ्याकडे तो निकामी कसा करायचा याचं २३ पानी मॅन्युअल. बॉम्बवाल्याने मॅन्युअल बघायचं नाही, मॅन्युअलवाल्याने बॉम्ब बघायचा नाही. गेम एकानेच विकत घ्यायचा, मॅन्युअल फुकट मिळतं, आणि साध्या फोन कॉलवर खेळता येतो. पहिल्या बॉम्बला पाच मिनिटं असतात. तीन चुका झाल्या की स्फोट, आणि प्रत्येक चुकीनंतर घड्याळ जास्त जोरात पळू लागतं. एका भागात विचित्र चिन्हं येतात. त्यांना तुम्ही दोघं मराठीत काय काय नावं पाडाल ते मला जरूर कळव. घोड्याची नाल दिसते ती ओमेगा, एवढीच मदत मी करतो. दुसऱ्या एका भागात कानाला सारखे वाटणारे इंग्रजी शब्द येतात, तिथे सरळ स्पेलिंग सांगायचं. पहिले काही बॉम्ब मित्राला हाताळू दे आणि मॅन्युअल तू वाच. अनुभवी माणसाला पानं उलटत बसावं लागतं, याची मजा त्यालाही येईल.

पैसेच खर्चायचे नसतील तर ‘वी वेअर हिअर’ मालिकेतला २०१७चा पहिला गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, मोफत आहे. एका बर्फाळ किल्ल्यात दोघं वेगवेगळ्या खोल्यांत अडकलेले, हातात फक्त वॉकीटॉकी. एकाच्या कोड्याची किल्ली दुसऱ्याच्या खोलीत. बोलायचं ते गेममधल्या वॉकीटॉकीवरूनच. शेजारी व्हॉट्सॲप कॉल चालू ठेवलात तर निम्मी गंमत तिथेच संपली.

‘इट टेक्स टू’ तुला सगळेच सुचवतील. २०२१मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’चा वर्षातला सर्वोत्तम गेम तोच ठरला, आणि फ्रेंड्स पासमुळे एकाने घेतला तरी दोघांना खेळता येतो. तरी सुरुवात त्याने करू नकोस. कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने कॅमेरा फिरवायचा आणि त्यातच उडी मारायची, हे तुला श्वास घेण्याइतकं सोपं असलं तरी नवख्याला पहिला तास छळतं. शिवाय त्याच्या लॅपटॉपला तो झेपेल का, हा प्रश्न आहेच.

‘पोर्टल २’ २०११चा असल्याने साध्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी चालतो. त्यात दोघांसाठी वेगळी मोहीम आहे. दोन यंत्रमानव, प्रत्येकाकडे भिंतींवर दोन जोडलेली दारं उघडणारी बंदूक (एकातून शिरलं की दुसऱ्यातून निघायचं), अशी एकूण चार दारं लक्षात घेऊन खोलीतून बाहेर पडायचं. कॅमेरा इथेही फिरवावा लागतो, पण बहुतेक वेळा घाई नसते आणि मेलात तरी फारसं बिघडत नाही, लगेच नवा यंत्रमानव तयार होऊन येतो. अट एकच, ही मोहीम तू आधी खेळला नसावास. खेळला असशील तर तोंडाला कुलूप लाव. उत्तर माहीत असलेल्या माणसाबरोबर कोडं सोडवण्याइतकं कंटाळवाणं काही नाही.

‘स्टारड्यू व्हॅली’ तुझ्या यादीत आहे, तो राहू दे. बिनघाईचा, गप्पा मारत शेती करण्याचा गेम आहे. फक्त शेत त्याच्या लॅपटॉपवर सुरू करायला सांग. ऑनलाइन खेळताना शेत होस्टच्या, म्हणजे ते सुरू करणाऱ्याच्या, यंत्रावर राहतं आणि होस्ट नसेल तेव्हा दुसऱ्याला त्यात शिरता येत नाही. तू होस्ट झालास तर आठवड्याभरात एकटाच सगळं पीक काढून, खाण पार करून मोकळा होशील, आणि तो बिचारा शनिवारी येऊन तुझी भरभराट बघत बसेल. तो होस्ट असला तर अधूनमधून एकटा सराव करू शकेल, ज्याची गरज त्यालाच आहे.

वेळेचं आधी ठरवून टाका. तुझे रात्रीचे साडेअकरा म्हणजे त्याचे उन्हाळ्यात आठ, हिवाळ्यात सात. शनिवारची दीड तासाची बैठक पुरे. रोज खेळायचं ठरवणाऱ्या जोड्या लवकर थंडावतात, असं मी पाहिलंय.

आणि स्टीमवर विकत घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर सहसा पैसे परत मिळतात. म्हणून पहिल्याच बैठकीत दीड तास झाला की त्याला स्पष्ट विचार, पुढच्या शनिवारी हाच हवा का दुसरा बघायचा. तो ‘तू म्हणशील तसं’ म्हणाला तर दुसरा बघा.

तुझा,
मामा