अँटेनाच्या जागी केबल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: गच्चीवरचा जुना अँटेना काढून टाकला. केबलची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटमध्ये सरळ लावली. ट्युनिंग करूनही एकही चॅनल लागत नाही. टीव्ही बिघडला आहे का?

उत्तर: टीव्ही बहुधा ठीक आहे. पूर्वी केबलवाला ॲनालॉग सिग्नल द्यायचा, म्हणून वायर खोचली की चित्र यायचे. केबलचे डिजिटायझेशन मुंबईत २०१२च्या अखेरीस, पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत २०१३मध्ये आणि उरलेल्या भागात मार्च २०१७पर्यंत झाले. आता सिग्नल कुलूपबंद येतो आणि ते कुलूप सेटटॉप बॉक्सच उघडतो. नव्या टीव्हीत ट्युनिंगच्या वेळी ‘केबल’ निवडल्यास चॅनलची यादी कधीकधी सापडते, पण पडदा काळाच राहतो.

वायर बॉक्सच्या ‘केबल इन’ किंवा ‘आरएफ इन’ला लावा. बॉक्सपासून टीव्हीला एचडीएमआय, आणि टीव्ही जुना असेल तर पिवळी-लाल-पांढरी पिन. मग टीव्हीच्या रिमोटवर एव्ही किंवा एचडीएमआय निवडा. इथे एक चूक नेहमी होते. काही बॉक्सवर ‘केबल आउट’ असते, ते टीव्हीच्या अँटेना सॉकेटला जोडले जाते. त्यातून तोच कुलूपबंद सिग्नल पुढे जातो, म्हणून काही दिसत नाही.

प्रश्न: अँटेनाची जुनी चपटी वायर भिंतीवरून बेडरूमपर्यंत आहे. तिच्यातूनच केबल नेता येईल?

उत्तर: नको. ती ३०० ओहमची, केबलची ७५ ओहमची, त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत. शिवाय चपट्या वायरीला जाळीचे कवच नसल्याने बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि चित्राचे चौकोन पडतात. आरजी-६ वायर, म्हणजे केबल टीव्हीची जाळीचे कवच असलेली गोल वायर, घ्या.

एफ कनेक्टर, म्हणजे वायरीच्या टोकाचा धातूचा जोड, बसवताना टोकाचे बाहेरचे आवरण सुमारे १२ मिमी सोला, जाळी मागे वळवा, फॉइल तशीच ठेवा. पांढरे इन्सुलेशन टोकाकडून ६ मिमी काढा. मग ते इन्सुलेशन आतल्या तळाशी टेकेपर्यंत वायर कनेक्टरमध्ये दाबा. मधली तार तोंडाबाहेर दोन-तीन मिमी दिसली पाहिजे. जाळीचा एक केसही मधल्या तारेला चिकटला की शॉर्ट होतो आणि ‘नो सिग्नल’ येतो. तक्रार करण्याआधी कनेक्टर उघडून पाहा, अनेकदा दोष तिथेच निघतो.

प्रश्न: एका कनेक्शनवर दोन टीव्ही चालतील?

उत्तर: एका वायरीचे दोन फाटे करणारा स्प्लिटर बॉक्सच्या आधी लावला तर दुसऱ्या टीव्हीला दुसरा बॉक्स लागेल आणि त्याचे वेगळे पैसे पडतील. एकाच बॉक्सचे आउटपुट दोन्हीकडे नेल्यास दोन्ही पडद्यांवर एकच चॅनल. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेला सुमारे साडेतीन डेसिबल, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल कमी होतो. लांबच्या घरात त्यानेच चित्र अडकते. एकावर एक तीन स्प्लिटर जोडलेली घरे दिसतात, तिथे नवा बॉक्स आणून उपयोग नाही. डिश आणि केबलच्या वायरी मात्र स्प्लिटरने कधीच एकत्र करू नका: डिशचा बॉक्स वायरीतून डिशकडे १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो.

प्रश्न: वायर लावताना हाताला मुंग्या येतात.

उत्तर: दोन-पिनी प्लगच्या टीव्हीत अर्थिंग नसल्याने असे होते. टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे प्लग काढून मगच वायर लावा. झटका जोरात बसला तर हात लावू नका, केबलवाल्याला आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. वादळी पावसाची चिन्हे असतील तर नुसते बटण बंद करून भागत नाही. गडगडाट ऐकू येण्याआधीच वायर बॉक्समधून सोडवा. एकदा सुरू झाला की हात लावू नका.