क्रोशाने डोनटची गुबगुबीत उशी कशी विणावी? मुंबईत तशी लोकर कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की भाचीसाठी उशी करायची आहे, मुका खांब (सिंगल क्रोशे) आणि गोल रुमाल येतो, पण मधलं भोक कसं ठेवायचं ते कळत नाही. मग काही अडचण नाही. उलट डोनट गोल उशीपेक्षा सोपा, कारण सुरुवातीला ओढून बंद करायची कडी लागतच नाही. आणि ते बरंच आहे, कारण शनीलसारख्या मऊ धाग्याची कडी जोरात ओढली की आतला बारीक दोरा तुटतो.

लोकर आधी. साधी अॅक्रिलिक चालते, पण ती गुबगुबीत दिसत नाही. दुकानात ‘वेलवेट’ किंवा ‘शनील’ म्हणून मागा. दादर पश्चिमेला रानडे रोड, छबिलदास गल्लीच्या बाजूला किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटला शोधा. तुर्कस्तानच्या हिमालया कंपनीचा डॉल्फिन बेबी मिळाला तर उत्तम. त्याचा गुंडा 100 ग्रॅमचा, 120 मीटरचा असतो. दोन पदर एकत्र घेऊन 7 मिमीच्या सुईने घट्ट विणा. तळलेल्या रंगाचे दोन आणि आयसिंगच्या रंगाचे दोन गुंडे घ्या. थोडा धागा उरेल, पण नंतर तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

आता आकार. गोल रुमालाला दर फेरीत 6 टाके वाढवतो, म्हणून तो सपाट राहतो. डोनटही तसाच कडेपर्यंत वाढवत नेला, तर भरल्यावर बाहेरच्या कडेला चुण्या पडतात. म्हणून वाढ मध्येच थांबवून बाजूला सरळ फेऱ्या घालायच्या.

आयसिंगच्या रंगाने 30 साखळ्या घाला आणि पीळ न पडू देता गोल जोडा. हेच भोक. मग मुक्या खांबाने दर फेरीत 6 वाढवत 9 फेऱ्या विणा, म्हणजे 84 टाके होतील. (पहिल्या फेरीत 4 साधे, पाचव्यात दोन, पुढच्या फेरीत 5 साधे, सहाव्यात दोन. वाढीची जागा दर फेरीत थोडी सरकवा, नाहीतर षटकोन होतो.) मग न वाढवता 5 फेऱ्या. इथे रंग बदला, आणखी 5 सरळ फेऱ्या घाला आणि आता दर फेरीत 6 कमी करत 9 फेऱ्यांत परत 30 वर या. माझा टाका साधारण 1 सेंमीचा पडतो, त्या हिशोबाने उशी 27 सेंमीच्या आसपास होते. मोठी हवी तर सुरुवातीच्या साखळ्या 6 च्या पटीत वाढवा.

शनीलचे टाके डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनीच चाचपावे लागतात. फेरीच्या पहिल्या टाक्यात पिन अडकवून ठेवा. उसवायचं शक्यतो टाळा, लव गळते.

आयसिंगची ओघळलेली कड हवी ना? मग रंग बदलल्यावरची पहिली फेरी टाक्याच्या वरच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यात विणा. पुढचे धागे मोकळे राहतील, त्यांतून वेगळ्या रंगाचा बारीक दोरा ओवून ठेवा, नंतर सापडतात. त्यांवर आयसिंगच्या धाग्याने मुका खांब, अर्धा खांब (हाफ डबल), दोन खांब (डबल क्रोशे), अर्धा खांब, मुका खांब असं 6 टाक्यांत एक लाट घ्या. 84 मध्ये बरोबर 14 लाटा बसतात. पण त्या सगळ्या सारख्या केल्या तर आयसिंग नव्हे, फ्रॉकची झालर वाटते. एखादी लाट लांब, एखादी आखूड ठेवा. आयसिंगवरचे रंगीत दाणे धाग्याने भरतकाम करूनच काढा. मणी-बटणं लहान मुलांच्या तोंडात जातात.

भरायला गादी-उशीच्या दुकानातून पाव किलो रेक्रॉन (पॉलिएस्टरचं भरण) घ्या. कापूस नको, धुतल्यावर गोळे होतात. दोन्ही 30 टाक्यांच्या कडा भोकाच्या आत समोरासमोर येतात. थोडं शिवा, थोडं भरा, असं पुढे सरका. शिवायला साधा मजबूत दोरा घ्या, शनीलचा तुटतो.

इस्त्री अजिबात नको, शनीलमधलं पॉलिएस्टर वितळतं. धुणं जमेल तितकं दिवाळीनंतर. मुंबईच्या जून-जुलैत आतलं रेक्रॉन वाळता वाळत नाही आणि कुबट वास येतो. पावसात धुवायची वेळ आलीच, तर शिवण थोडी उसवून भरण बाहेर काढा, दोन्ही वेगळं पंख्याखाली पसरा. दोरीवर टांगू नका, पाण्याच्या वजनाने ताणून डोनटची लांबट भाकरवडी होते.