नकाशा रंगवण्याआधी आकडे वाचायला शिक

प्रश्न: मी भूगोलात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जनगणनेच्या आकड्यांवरून स्थलांतरितांच्या वस्त्या आणि शहरातली विषमता दाखवणारे नकाशे पाहिल्यापासून मला हेच काम करायचं आहे. जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यामागची माहिती हाताळण्याचा, कोर्स पुरेल का?

उत्तर: कोर्स जरूर कर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मन लावून बसलीस तर रंगीत नकाशा काढणं लवकरच जमेल. माझा आग्रह आहे संख्याशास्त्राचा.

का, ते सांगते. १९५० साली रॉबिन्सन या अमेरिकी अभ्यासकाने १९३० च्या जनगणनेचे आकडे तपासले. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. म्हणजे स्थलांतरित जास्त शिकलेले? नाही. माणसागणिक पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरांचं प्रमाण जास्त होतं. ते जाऊन राहिले होते मात्र आधीच साक्षर असलेल्या राज्यांत. वस्तीच्या सरासरीवरून तिथल्या माणसाबद्दल बोलायचं नाही, हे या कामातलं पहिलं पथ्य.

हद्दींचंही तसंच. अमेरिकेतल्या एका सेन्सस ट्रॅक्टमध्ये, म्हणजे जनगणनेसाठी आखलेल्या छोट्या भागात, सरासरी ४,००० लोक असतात. हद्दीची रेघ दोन गल्ल्या सरकली तरी गडद वस्ती फिकी दिसू शकते. दोन गट किती वेगवेगळ्या वस्त्यांत राहतात ते सांगणारा डिसिमिलॅरिटी इंडेक्स तर एकदा कागदावर हाताने काढच. तो ६० आला, तर दोन्ही गट सगळीकडे सारख्या प्रमाणात दिसण्यासाठी एका गटातल्या ६० टक्के लोकांना वस्ती बदलावी लागेल.

शिकागोच्या हल हाउस या गरीब वस्तीत काम करणाऱ्या समाजसेवी संस्थेतल्या मंडळींनी १८९५ साली छापलेले नकाशेही बघ. माहिती घरोघर जाऊन गोळा केलेली. एका नकाशात कुटुंब कुठल्या देशातून आलं ते, दुसऱ्यात आठवड्याची कमाई. दोन्ही शेजारी ठेवून एकच गल्ली शोध. मला ते आजही थक्क करतात.

पुढे लोकसंख्याशास्त्र, नगर नियोजन किंवा भूगोल, यातलं कुठलंही पदव्युत्तर शिक्षण चालेल. सोबत आर किंवा पायथन यातली एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा शिक. कामं नगर नियोजनात, सार्वजनिक आरोग्यात, गृहनिर्माणाच्या संशोधनात आणि डेटा पत्रकारितेत मिळतात.

अर्ज करताना मात्र दहा नकाशे जोडू नकोस. एकच जोड, आणि त्यातून काय कळत नाही ते पानभर लिही.