ॲनिमेशनचं काम आतून कसं चालतं, हे दाखवणारी मालिका किंवा चित्रपट आहे का?

धाकट्या भावाला बारावीनंतर ॲनिमेशनला जायचंय म्हणता, तर त्याला 'शिरोबाको' दाखवा. २०१४-१५ ची जपानी मालिका, २४ भाग.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेऊन हेच काम करतो. त्याआधी पुण्यात चार वर्षं इनबिटवीन काढले, म्हणजे मोठ्या चित्रकारानं दोन पोझ द्यायच्या आणि मधली चित्रं आम्ही भरायची. (शेवटच्या दोन महिन्यांचा पगार अजून यायचाय, असो.)

या विषयावरचं बरंचसं काही एका थोर माणसाभोवती फिरतं. जपानच्या घिब्ली या ॲनिमेशन स्टुडिओवरचा २०१३ चा माहितीपटही तिथले दिग्दर्शक मियाझाकी यांच्याभोवतीच आहे. गोड आहे, पण त्यावरून भावाला स्वतःचं टेबल दिसणार नाही. शिरोबाकोची नायिका आओई चित्र काढतच नाही. कुणाचा कट (म्हणजे एक शॉट) अडलाय ते बघायचं आणि रात्री गाडी काढून चित्रकारांच्या दारातून चित्रांची पाकिटं गोळा करायची, ही तिची नोकरी. चित्रकार फोन उचलत नाहीत. मला बघताना हसूही आलं आणि लाजही वाटली, कारण फोन न उचलणाऱ्यांत मी होतो. आमच्याकडं आओईचं काम करणारा पोरगा शेवटी जिन्यात येऊन बसायचा.

तिची मैत्रीण मिसा थ्रीडीत. पगार बरा, पण दिवसभर गाडीची चाकं करायची. भावाला हे नीट बघू दे. मी एका गेमसाठी सहा महिने नुसते दगड केलेत.

मराठीत 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) आहे. ॲनिमेशनवरचा नाही, पण फाळके वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं टिपतात, ते आमच्याच जातीचं काम. घरच्यांनाही बसवा. प्रभात कंपनी १९२९ साली याच गावात निघाली, तरी आमच्याकडं अजून विचारतात, कार्टून काढून पोट भरतं काय?

आणि कोर्सची फी भरण्याआधी एकदा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन या. म्हैस चालताना नीट बघायची, घरी येऊन तिची १२ चित्रं काढायची. साधारण तेवढ्यात पडद्यावरचा एक सेकंद होतो. माझी पहिली म्हैस पाचव्या चित्रात तीन पायांची झाली होती आणि ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.