ऐकलेलं पुस्तक 'वाचलं' म्हणायचं का? आणि तुमची आवडती पुस्तकं कोणती?

म्हणायचं. बिनधास्त म्हणायचं.

तुम्ही विचारलंय की वाचनाच्या सवयी काय, आवडती पुस्तकं कोणती, आणि कंपनीच्या बसमध्ये येता-जाता ऐकलेली ऑडिओबुकं वर्षाच्या यादीत लिहिली की मित्र 'हे काय वाचन नव्हे' म्हणतात, ते बरोबर आहे का. पहिल्या दोन प्रश्नांवर इथं पुष्कळांनी लिहिलंय. तिसऱ्यावर मला गप्प बसवत नाही.

सवयी आधी उरकते. मी नगरला राहते, घरी शिवणकाम करते. पहाटे तासभर वाचते, कारण एकदा गिऱ्हाईक सुरू झालं की डोळे सुईवरून हलवता येत नाहीत. एका वेळी एकच पुस्तक, बहुतेक वाचनालयातून आणलेलं. आवडलं तर संपल्या संपल्या पहिल्या पानापासून पुन्हा. वर्षाला किती झाली ते मोजत नाही आणि आकडे सांगणाऱ्यांचं मला कौतुकही वाटत नाही. दुपारी हूक, काज-बटण असं हातकाम असतं तेव्हा मोबाइलवर पुस्तक लावते. मशीन चालू असताना लावत नाही. त्या आवाजात अर्धी वाक्यं निसटतात, आणि निसटलेलं पुस्तक 'ऐकलं' म्हणायला मला आवडत नाही.

आता माझ्या सासूबाईंबद्दल. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. राहुरीजवळ मुळेच्या काठी त्यांचं गाव. शाळेत कधी गेल्या नाहीत. रेशनकार्डापासून जमिनीच्या कागदांपर्यंत सगळीकडे अंगठा. पडून खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्या आमच्याकडे नगरला आल्या त्या आल्याच. आयुष्यभर शेतात राबलेली बाई दिवसभर कॉटवर. टीव्हीचा त्यांना मनापासून कंटाळा. दुपारी मी त्यांच्या पायाशी बसून आपलं आपलं वाचत असे. एकदा म्हणाल्या, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतीस? मोठ्यानं वाच की. मी काय भित हाय का?"

हातात होतं लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. वाचलं मोठ्यानं. सुरुवातीला लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण आहे. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, आणि त्यापायी सगळ्या घराला छळ. आत्याबाईंना हसू आवरेना. त्यांच्या गावात अशीच एक म्हातारी होती म्हणे, तिची गोष्ट त्यांनी मला सांगितली. ती संपल्यावर म्हणाल्या, "हं, आता म्होरं." तेव्हापासून दुपारी तीन ते चार आमचं ठरूनच गेलं.

1895 साली लक्ष्मीबाईंचे यजमान नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तो भाग आला तेव्हा आत्याबाई इतक्या चिडल्या की मला पुस्तक मिटायला लावलं. बायकोला पत्ता न लागू देता असं करतात का माणसं! दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर पहिला प्रश्न, "त्या टिळकाची काय खबर?" मी म्हटलं, अजून वाचलं नाही. तर म्हणाल्या, वाच मग, भाकरी मागनं कर. लक्ष्मीबाई काही काळ पंढरपूरला राहिल्या होत्या. ते ऐकल्यावर आत्याबाईंचा जीव जरा भांड्यात पडला. विठोबाच्या पायाशी आहे, काही होणार नाही तिला. पुढे राहुरीचं नाव आलं, तेव्हा तर त्यांनी मला दोन्ही उशा पाठीला लावून उठवून बसवायला सांगितलं. आपल्या गावाशेजारी राहून गेलेली बाई पुस्तकात आहे, हे त्यांना कोणी आजवर सांगितलंच नव्हतं.

आणि तो सोवळ्याचा भाग. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या तरी त्यांनी सुरुवातीला आपलं सोवळंओवळं वेगळं ठेवलं होतं, आणि मग हळूहळू ते सुटत गेलं. हे आत्याबाईंनी मला पुन्हा वाचायला लावलं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "येवढी शाणी बाई, आन् सोडायला इतकी वर्सं लागली व्हय तिला?" मग थोड्या वेळानं, "आमच्या वस्तीवरबी खुंटीला येगळी कपबशी असायची." त्यावर आम्ही संध्याकाळपर्यंत बोलत होतो. ती कपबशी कोणासाठी होती, कोणी धुवायची, कोणी कधी काही बोललं का, माझ्या माहेरी काय पद्धत होती. माझे आईवडील शिकलेले, पण असं बोलणं माझ्या माहेरी कधी झालं नाही. एका पुस्तकानं ते करून घेतलं. समीक्षा समीक्षा म्हणतात ती याहून वेगळी काय असते, मला कोणी समजावून सांगावं.

मग 'बनगरवाडी' वाचलं. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नवखा मास्तर येतो, लोकांना जमवून तालीम उभी करतो, आणि शेवटी दुष्काळ पडून वाडी उठते. आत्याबाईंनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली. मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी, कामावर वाटलेली सुकडी, विकलेली बैलं, सगळं त्यांच्याकडून ऐकलं ते या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर थांबत थांबत. पुस्तक दीडशे-एक पानांचं, पण आम्हाला पुरलं पुष्कळ दिवस.

'कोसला' वाचायला घेतलं तेव्हा मीच साशंक होते. पांडुरंग सांगवीकर त्यांना अजिबात आवडला नाही. बाप पैसे पाठवतो आणि पोरगं पुण्यात उडवतं, ह्याला काय धाड भरलीय, असं रोज चालायचं. मग धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते, ते प्रकरण आलं. आत्याबाईंची पाठची बहीण देवीनंच गेली होती. हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हतं. यजमानांनाही नव्हतं. त्यांनी त्या बहिणीचं नाव सांगितलं, अंगावरचं परकर-पोलकं सांगितलं, कडुनिंबाचा पाला कुठून आणला ते सांगितलं. आणि म्हणाल्या, "हे पोरगं वाया गेलेलं न्हाई. त्याला बहिणीचं कळलं." पुढचं सगळं पुस्तक त्यांनी पांडुरंगाची बाजू घेऊन ऐकलं.

आवडलं नाही ते सांगायलाही त्या कचरत नसत. खांडेकरांचं 'ययाति' मला शाळेपासून आवडतं. आत्याबाईंना गोष्ट पोथीतून आधीच ठाऊक, त्यामुळे थोडं ऐकून म्हणाल्या, "हा लई बोलतो गं सोताबद्दल." बंद केलं. मला वाईट वाटलं, पण त्यानंतर मी ते एकटीनं वाचलं तेव्हा त्यांचं म्हणणं ऐकू येतच राहिलं. आजही मला ते पुस्तक आवडतं, फक्त आता का आवडतं ते सांगता येतं.

त्या गेल्यावर पेपरात द्यायच्या मजकुरात मी एक ओळ घातली होती: 'त्यांना वाचनाची विलक्षण आवड होती.' आमच्या नणंदेचे यजमान, घरात सगळे दाजी म्हणतात, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. मजकूर शेवटचा त्यांच्या हाती गेला आणि त्यांनी ती ओळ काढली. "आईंना सही येत नव्हती. लोक काय म्हणतील?" त्या जागी छापून आलं 'मनमिळाऊ व धार्मिक स्वभावाच्या'. आत्याबाई मनमिळाऊ नव्हत्या. त्यांनी अर्ध्या गल्लीशी भांडण काढलं होतं, आणि त्यातली निम्मी भांडणं खरी होती. म्हणजे जे नव्हतं ते छापलं आणि जे होतं ते खोडलं. पुढे वर्षश्राद्धाच्या वेळी मी हा विषय काढला तर दाजींनी मला सगळ्यांसमोर शिकवलं की वाचन म्हणजे स्वतःच्या गतीनं वाचणं, मागं जाता येणं, पुढचं पान उलटून पाहता येणं. ऐकणारा बिचारा वाचणाऱ्याच्या हाती.

त्या दिवशी घरात पाहुणे होते, म्हणून मी आत चहा ठेवायला गेले. उत्तर आज देते.

मागं जाता येत नव्हतं असं कोणी सांगितलं? "मागचं वाच" हे आत्याबाईंचं रोजचं वाक्य होतं. गती त्यांचीच होती. कुठं थांबायचं, काय दोनदा ऐकायचं, कोणतं पुस्तक बंद करायचं, सगळं त्या ठरवायच्या. उलट मी एकटी वाचते तेव्हा उतावळी होऊन वर्णनं गाळते, संवादांवर उडी मारते. मोठ्यानं वाचताना एकही ओळ गाळता येत नाही. 'बनगरवाडी'तलं माळरान मी आधी दोनदा वाचलं होतं, पण पाहिलं ते आत्याबाईंना वाचून दाखवताना. आणि मोठ्यानं वाचल्यावर भाषेचं खरंखोटं लगेच उघडं पडतं. लक्ष्मीबाईंचं वाक्य एका दमात पुरं होतं, कुठं अडखळायला होत नाही. त्यांना अक्षरओळखही लग्नानंतर नवऱ्यानं करून दिली, आणि 1934 साली 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला तो वयाच्या पासष्टीनंतर. कानानं भाषा कमावलेली बाई होती ती. म्हणून आत्याबाईंना ती परकी वाटली नाही.

दाजी मराठीचे प्राध्यापक, आणि नेवासा आमच्याच जिल्ह्यात. तिथल्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, समोर श्रोते बसलेले. नववा अध्याय सुरू करताना ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे फक्त अवधान मागतात. अक्षरओळख मागत नाहीत. त्यानंतर शेकडो वर्षं श्रावणात गावोगाव हरिविजय, पांडवप्रताप लागले, एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा आणि ओसरीभर माणसांनी ऐकायचं. त्या सगळ्यांना मराठी साहित्य कळलंच नाही असं म्हणायचं का? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून ठेवली म्हणून 1952 साली पुस्तक झालं. त्यांना कवयित्री म्हणायला कोणाची हरकत नाही. मग ऐकणारीला वाचक म्हणायला एवढा त्रास का होतो? मला तरी यामागे शिकलेल्या माणसाचा आपल्या शिक्षणाबद्दलचा अहंकार दिसतो, दुसरं काही नाही.

तर तुमच्या मित्रांना हे सांगा. की नका सांगू, यादी तुमची आहे.

दोन-तीन गोष्टी मात्र आहेत. मोबाइलवर दीडपट वेगानं पुस्तक पळवायचं आणि मधेच व्हॉट्सॲप बघायचं, याला मी ऐकणं म्हणत नाही. तिथं तुमचे मित्र बरोबर ठरतील. मागं नेऊन पुन्हा ऐकायची सवय नसेल तर लावून घ्या. सगळी पुस्तकं कानाला झेपत नाहीत हेही खरं. जी. ए. कुलकर्णींच्या लांब कथा मला डोळ्यांनीच वाचाव्या लागतात, ऐकताना माझा धागा सुटतो. लहान मुलांना नुसतं ऐकवून भागणार नाही, त्यांना स्वतः वाचता आलंच पाहिजे. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं याची खंत त्यांना शेवटपर्यंत होती, आणि मी ती कमी लेखत नाही. आणि वाचून दाखवणारा आवाज नाटकी असेल तर पुस्तक सरळ बंद करा. मला स्वतःला सपाट, शांत आवाज आवडतो, ज्यात रडायच्या जागी वाचणारा आधीच रडत नाही.

आवडती पुस्तकं वर येऊन गेलीच. त्यांत दया पवारांचं 'बलुतं', उद्धव शेळक्यांचं 'धग' आणि दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' घाला. 'ऋतुचक्र' त्या त्या महिन्यात त्या त्या महिन्याचं प्रकरण, असं वाचते. 'धग'मधली कौतिक मी आत्याबाई गेल्यावर वाचली. त्यांना ती फार आवडली असती, आणि तिच्या नवऱ्याला त्यांनी काय काय ऐकवलं असतं ते मला शब्दशः माहीत आहे.

तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस असेल तर बसमध्ये ऐकता तसं एखादं पुस्तक त्यांच्या शेजारी बसून मोठ्यानं वाचून बघा. 'स्मृतिचित्रे'नं सुरुवात करा. संक्षिप्त आवृत्ती मिळते, ती घेऊ नका. संपूर्ण घ्या, आणि वडिलांच्या सोवळ्याचा भाग घाईनं वाचू नका.